होताकाची चढण

आई, सगळ्यात आधी तो वाद. जपानातल्या मात्सुमोतोचा तो किल्लाच आहे. "सपाटीवर बांधतात त्याला भुईकोट म्हणतात, आणि भुईकोट मी किल्ल्यात धरत नाही," हे तुमचं पालुपद मी इतकी वर्षं फोनवर ऐकलं. आता उलट बोलायला तुम्ही नाही, म्हणून मी वाद जिंकले असं मुळीच समजू नका. समोर तुम्ही नसताना जिंकण्यात मला काडीची गोडी नाही. मनात राहायला नको म्हणून बोलून टाकलं, इतकंच.

हे तुमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. बाहेरच्या खोलीत भेटायला येणाऱ्यांची रीघ आहे आणि तुमचा संदीप त्यांच्याशी बोलतोय. ईरा चहा टाकतेय आणि साखरेचा डबा सापडत नाही म्हणून जपानीत पुटपुटतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "त्या पोरीला सांग, सातारच्या साखरेला जपानी कळत नाही." मग डबा काढून दिला असता आणि नातीला जवळ ओढून केसांना तेल कधी लावलं होतंस, म्हणून विचारलं असतं. नात आता नोकरी करते, हे तुमच्या लेखी फार महत्त्वाचं नव्हतं.

तुमच्यावर लिहायचं तर पुष्कळ आहे. शाळेत तुम्ही भूगोल कसा शिकवलात, मुलींना डोंगरावर कसं नेलंत, ते सगळं तुमच्या विद्यार्थिनी लिहितील आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मला फक्त आपल्या दोघींच्या एका दिवसाबद्दल बोलायचंय. तुमचं पुढचं सगळं आयुष्य त्या दिवसावर अवलंबून होतं, आणि तो दिवस पाहिलेली घरातली मी एकटीच उरलेय.

तुमची बायपास होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. बाबा गेल्यापासून तुम्ही सातारला एकट्याच राहत होतात. सकाळी अजिंक्यतारा चढायचा, उतरताना भाजी घ्यायची आणि मग बाकीच्या जगाशी बोलायचं, हा तुमचा खाक्या. ऑपरेशननंतर संदीपने ठरवलं, हे आता बंद. सातारचं घर विकायचं आणि तुम्ही पुण्यात, चोवीस तास डॉक्टर असलेल्या एका वृद्धांच्या संकुलात राहायचं. संकुल चांगलं होतं, फोटो मीही पाहिले होते. बागेत बाक होते, बाकांना पाठ होती आणि फाटकावर रखवालदार होता. तुम्ही चष्मा लावून सगळे फोटो शांतपणे पाहिलेत आणि म्हणालात, "छान आहे. कोणासाठी?"

संदीपला दोष द्यायचा नाही. बाबा गेले तेव्हा तो जपानात, तोयोसुच्या ऑफिसात होता, आणि सातारला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून घरचा फोन वाजला की तो 'हॅलो'च्या आधी 'काय झालं?' विचारायचा. त्याला तुम्हाला सुरक्षित ठेवायचं होतं आणि तुम्हाला तुमच्या घरात राहायचं होतं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होतात, आणि दोघेही एकाच मातीचे असल्यामुळे कोणी तसूभर मागे सरत नव्हतं. मधल्या मध्ये मी, बायको आणि सून.

घराचं पक्कं करायच्या आधी त्याने तुम्हाला आमच्याकडे जपानात, फुनाबोरीला आणलं. त्या दिवसांत आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मराठी ऐकू यायला नुकती सुरुवात झाली होती. दर महिन्याला कोणीतरी नवा इंजिनियर यायचा, त्याच्यामागून त्याची बायको आणि तिच्यामागून कुकर. माझ्या व्हिसावर डिपेंडंट असं लिहिलेलं होतं आणि मीही ते मनावर घेतलं होतं. कुठलीही गोष्ट असो, 'संदीपला विचारते' हे माझं उत्तर तयार असायचं. तुम्ही एकदा भाजी निवडता निवडता म्हणालात, "मुग्धा, भूक लागली का हे तरी त्याला न विचारता सांगतेस का गं?" मला राग आला होता. पण हसूही आलं.

तुमच्या वाढदिवसाला संदीपने तुम्हाला जपानी आल्प्सची सहल भेट दिली. स्वतंत्र गाडी, स्वतंत्र गाइड, डोंगर आणि इतिहास, सगळं एका दिवसात. तो स्वतः येणार होता, पण नेमकं त्याच दिवशी ऑफिसात नवीन सिस्टिम चालू होणार म्हणून अडकला. ईराला तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे ठेवलं आणि आपण दोघी पहाटे निघालो. शिंजुकुला एक्सप्रेस गाडीत बसलो, तुम्ही खिडकीची जागा घेतलीत, बूट नीट बांधलेत का ते पाहिलंत आणि पिशवीतून नारळ काढून मांडीवर ठेवलात. निशि-कासाईच्या भारतीय दुकानातून शेंडी बघून, हलवून, कानाशी धरून निवडलेला नारळ.

"हा कशाला?" मी विचारलं.

"ऑपरेशनला आत नेत होते ना, तेव्हा बोलले होते. पुन्हा डोंगर चढले तर ज्या डोंगरावर चढेन तिथल्या देवाला नारळ. आता जपानी तर जपानी."

मग तुम्ही मुद्द्यावर आलात. "हे बघ मुग्धा, आज मी डोंगर चढून दाखवते. दाखवला, तर सातारचं घर विकायचं नाही, हे संदीपला तू सांगायचंस. मी सांगितलं तर ती म्हातारीची कटकट होते."

"आई, मला मध्ये घेऊ नका ना."

"घेत कुठेय? तू आहेसच मध्ये." आणि तुम्ही दशमी सोडून माझ्या हातावर ठेवलीत, विषय मिटला अशा थाटात.

मात्सुमोतोला गाडी थांबली तर डब्याच्या दाराशीच स्टेशनचा एक कर्मचारी व्हीलचेअर घेऊन उभा. शेजारी आपली गाइड मिझुनो-सान, पन्नाशीची, काटक, हातात तुमच्या नावाची पाटी. संदीपने बुकिंग करताना कळवलं होतं, हृदयाचं ऑपरेशन झालंय, जिने नकोत, चढ नकोत. जपानात एकदा कळवलं की कळवलं. त्या माणसाने कमरेत वाकून नमस्कार केला. तुम्हीही केलात, खांद्यावरची पिशवी खुर्चीत ठेवलीत आणि म्हणालात, "किती सोय करतात गं, सामानाला वेगळी गाडी." मग पदर खोचून जिन्याकडे चालू लागलात. तो बिचारा तुमची पिशवी खुर्चीत घालून लिफ्टने आला. खुर्ची कोणासाठी होती हे तुम्हाला स्वच्छ कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही.

किल्ला आपण बाहेरूनच पाहिला. खंदकाच्या पाण्यात काळी लाकडी भिंत उतरलेली, मागे दूरवर आल्प्सची रांग. मिझुनो-सान अगदी घोटून तयार केलेल्या इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत, आणि तुम्ही शाळा तपासायला आलेल्या बाईंसारख्या ऐकत होतात. भिंतीतल्या उभट फटी बाणांसाठी, चौकोनी बंदुकांसाठी. "जंग्या," तुम्ही मान डोलावलीत. "खंदकही बरा आहे. पण चढ कुठाय? शत्रूला दम लागायला नको?" मिझुनो-सानने विचारलं काय म्हणतात, तर मी सांगितलं, त्यांना फार आवडला.

आत जायचं का, असं तुम्ही विचारलंत. आतले जिने फार उभे आहेत आणि तुमच्या मुलाची सूचना आहे, असं ती नम्रपणे म्हणाली. तुम्ही 'हं' म्हणालात. तुमचा 'हं' मला माहीत होता.

मग तिने ती गोष्ट सांगितली. राजेरजवाडे गेल्यावर नवं सरकार आलं, जुन्या किल्ल्यांची कोणाला गरज राहिली नाही, आणि हा मनोरा चक्क लिलावात विकला गेला. पाडून लाकूड आणि लोखंड काढून घेणार होते. गावातला एक माणूस उभा राहिला, त्याने लोकांना गोळा केलं, आत प्रदर्शनं भरवली आणि मनोरा सोडवून घेतला.

तुम्ही लगेच विचारलंत, "विकणाऱ्यांनी आत राहणाऱ्याला विचारलं होतं का?"

मिझुनो-सान म्हणाली, तेव्हा आत कोणी राहत नव्हतं.

"मग ठीक," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी खंदकातल्या माशांकडे पाहिलं.

पुढे पांढरे हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरच्या टॅक्सीतून घाट, धरणं आणि बोगदे. या डोंगरांना आल्प्स हे नाव एका इंग्रजाने दिलं, असं मिझुनो-सानने सांगितल्यावर तुम्ही खुलून हसलात. "आमच्या महाबळेश्वरला पण तसंच. डोंगर आमचे, पॉइंटांची नावं साहेबांची. हिला म्हणावं, आपण एकाच वर्गातल्या." हे मात्र मी शब्दशः सांगितलं आणि मिझुनो-सान पहिल्यांदा पाठ न केलेलं हसू हसली.

कामिकोचीच्या खोऱ्यात उतरलो आणि तुम्ही गाडीच्या दाराशीच थबकलात. समोर होताका डोंगराचे सुळके, माथ्यावर नवीन बर्फ, खाली तळ दिसेल अशी नदी, काठावरची झाडं पिवळी पडलेली. मी आजवर तुम्हाला देवळातसुद्धा इतकं शांत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं. मी थंडीमुळे का म्हणून विचारलं, तर 'हो' म्हणालात.

मिझुनो-सानने कार्यक्रम सांगितला. नदीच्या काठाने सपाट वाटेवरून चालायचं, पुलावर फोटो, मग बाकावर बसून चहा. तुम्ही ऐकून घेतलंत, निमूटपणे थोडं चाललात, आणि मग पुलाजवळ पाय रोवून उभ्या राहिलात.

"मुग्धा, ही नदीकाठची फेरी झाली. सकाळी भुईकोट दाखवला, आता भुईडोंगर दाखवताय का मला? मी डोंगर पायथ्याशी बसून पाहायला आले नाही. हे झाड, हे पाणी फार सुंदर आहे, पण याने माझा नवस फिटत नाही आणि माझं घरही वाचत नाही."

मी सगळं मिझुनो-सानला सांगितलं. ऑपरेशन, नवस, घर, संकुल, सगळं. परक्या बाईसमोर घरचं इतकं उघडं मी कधी केलं नव्हतं. तिने जंगलात शिरणाऱ्या एका वाटेकडे बोट दाखवलं. ही वर डोंगरातल्या झोपडीपर्यंत जाते, म्हणाली, पण पहिल्या चढाच्या शेवटी एक जागा आहे, खडकांच्या फटींतून गार वारा येतो, तिथपर्यंत हळूहळू जाता येईल. मात्र बुकिंग करणाऱ्याला विचारल्याशिवाय तिला कार्यक्रम बदलता येत नव्हता. बस स्टँडवरच्या टेलिफोनवरून तिने संदीपला पुन्हा पुन्हा फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. ती परत आली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "संदीप-सान फोन उचलत नाहीत. निर्णय कोण घेणार?"

आई, माझं ते 'संदीपला विचारते' तिथे चालणार नव्हतं. मी तुम्हाला विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणालेत. "चढ म्हणालेत," तुम्ही म्हणालात. "हळू चढ. बोलत बोलत चढता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की बसायचं. संदीपसमोर म्हणालेत, त्याला ऐकू आलं नाही." मला ते खरं वाटलं, कारण नको ते ऐकू न येण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. माझं जपानी तेव्हा प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी टाकायचा आणि मुलीला ताप आहे, एवढं सांगण्यापुरतं होतं. त्याच जपानीत मी म्हटलं, निर्णय माझा, जबाबदारी माझी. मिझुनो-सानने मान लववली, वाकून तुमच्या बुटांच्या नाड्या स्वतः ओढून पाहिल्या, आणि आपल्या पाठीवरच्या पिशवीला अस्वलांना दूर ठेवणारी घंटा अडकवली.

"गाईच्या गळ्यातली," तुम्ही म्हणालात आणि निघालात.

मग जे झालं ते अजून आठवलं तरी हसू फुटतं. डॉक्टरांनी बोलत चढायला सांगितलं होतं, म्हणून तुम्ही बोलायला लागलात आणि थांबेचनात. सह्याद्री कसा झाला, लाव्हाचे थर कसे बसले, पाटणच्या बाजूला पाऊस जास्त आणि माणला कमी का, आम्ही मुलींना घेऊन प्रतापगडाला गेलो तेव्हा कोण रडली. मिझुनो-सानने होताकाच्या खडकाबद्दल एक वाक्य बोलायचा प्रयत्न केला, तर तुम्ही तिला थांबवून कातळाला हात लावलात आणि हा आमच्यापेक्षा वेगळा, म्हणून सांगितलंत. गाइड कोण आणि पाहुणी कोण, हे वरून येणाऱ्या कुणाला कळलं नसतं. येणारे-जाणारे 'कोन्निचिवा' म्हणत, तुम्ही 'नमस्कार, नमस्कार' म्हणत होतात. मी भाषांतर करता करता धापा टाकत होते.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मी सगळी वाट तुमच्या पाठीमागे हात धरून चालले. टेकवला नाही, पाठीपासून जरा दूर, नुसता तयार ठेवला. तुम्ही वळलात की मी केस सारखे करायचे. मुळांच्या पायऱ्या उंच होत्या आणि प्रत्येक पायरीला माझ्या मनात संदीपचा चेहरा यायचा.

आणि मध्येच तुमचं बोलणं तुटलं.

अर्ध्या वाक्यात. तुम्ही एका झाडाला धरून उभ्या राहिलात. घंटाही थांबली. मिझुनो-सान मागे वळली, मी तुमचा दंड घट्ट पकडला. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत आणि डोळ्यांनी वर दाखवलंत. उतारावर, पिवळ्या पानांत, रानबकरीसारखा एक धुरकट प्राणी उभा होता, जाड केसांचा, अगदी शांत. आपल्याकडे बघत होता. मिझुनो-सान पुटपुटली, कामोशिका, सहसा दिसत नाही. तो सावकाश झाडीत गेल्यावर तुम्ही माझा हात दंडावरून सोडवलात आणि म्हणालात, "घाबरलीस होय? अगं, पाहुणा आला की गप्प बसावं." आणि पुन्हा पाटणच्या पावसावर आलात.

तुम्ही चढलात, आई. हळू, बसत, पाणी पीत, पण स्वतःच्या पायांनी, शेवटपर्यंत बोलत. खडकांच्या फटींतून वारा आला तेव्हा तुम्ही दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरलेत. आणखी थोडं वर झाडी उघडली आणि खाली सगळं खोरं दिसलं, नदी, पूल, आणि पुलाजवळचे आपले ते बाक. तुम्ही त्या बाकांकडे बघून इतक्या हसलात की मिझुनो-सानलाही हसू आवरेना. एका वर्षात मी तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधीच्या तुम्ही होतात त्या.

मग तुम्ही पिशवीतून नारळ काढलात आणि मिझुनो-सानचा चेहरा उतरला. इथे काही ठेवता येणार नाही, ती म्हणाली. फोडताही येणार नाही. माकडं आहेत, अस्वलं आहेत, राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे, फळाची सालसुद्धा खाली न्यावी लागते. खूप वाईट वाटत होतं तिला, सारखी माफी मागत होती.

"हिला काय झालं?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मीच वेडी. "अगं, दाखवायचा असतो नैवेद्य. देव काय उचलून घरी नेतो? दाखवायचा आणि आपण खायचा. सांग तिला." नारळ दोन्ही हातांत धरून होताकाकडे केलात, डोळे मिटलेत, ओठ हलले, आणि नारळ परत पिशवीत. मिझुनो-सानने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. मग तीही हात जोडून तुमच्या शेजारी वाकून उभी राहिली. म्हणाली, आमच्याकडेही देवापुढचं परत आणून घरातले खातात, फक्त एवढं लवकर नाही.

नारळ फुटला तो खाली, उद्यानाच्या हद्दीबाहेर, टॅक्सी थांबतात तिथल्या दगडी कठड्यावर, ड्रायव्हरची परवानगी घेऊन. पाणी तुम्ही स्टीलच्या फुलपात्रात धरलंत, एक थेंब सांडला नाही. खोबरं घ्यायला ड्रायव्हरने हातमोजे काढले, दोन्ही हात पुढे केले आणि खाऊन झाल्यावर पुन्हा मोजे चढवले. करवंटी आपण फुनाबोरीला आणली, आणि ती कुठल्या कचऱ्यात टाकायची हे मला शेजारणीला विचारावं लागलं.

संदीप स्टेशनवर घ्यायला आला होता. मिझुनो-सानचा निरोप त्याला पोहोचला होता, आणि चेहरा बघण्यासारखा होता. घरी आलो, ईराला तिसऱ्या मजल्यावरून आणलं. तुम्ही ईराला मांडीवर घेऊन तिला कामोशिकाची गोष्ट सांगायला लागलात, जाणूनबुजून, म्हणजे आता माझी पाळी.

मी म्हटलं, "आई चढल्या. मी परवानगी दिली. सातारचं घर विकायचं नाही."

"तू परवानगी दिलीस?" तो म्हणाला. "काही झालं असतं तर?"

"तर माझी जबाबदारी होती. झालं नाही."

तो खूप बोलला. बाबांच्या वेळचं सगळं बाहेर आलं, तिकीट मिळेना ते, विमानात बसून राहिला ते. तुम्ही त्याला बोलू दिलंत. त्याचं संपल्यावर म्हणालात, "संदीप, तू मला जपून ठेवायला निघालास. मी काय लोणचं आहे? मला राहू दे रे माझ्या घरात. माझं जे व्हायचं ते मला तिथे होऊ दे." तो रडला. तुम्ही नाही रडलात, तुम्ही त्याला पाणी दिलंत. "एक वर्ष बघू," तो म्हणाला. त्याच्या एका वर्षाचा पुढे कोणी हिशोब विचारला नाही.

किती वर्षं मिळाली तुम्हाला, आई. केवढी मजेत घालवलीत. छतावर पावसाळी भाज्या लावल्यात, शाळेतल्या मुलींच्या मुलींना किल्ल्यावर नेलंत, शेजारच्या वैद्यवहिनींशी भांडून पुन्हा बोललात. गुडघे कुरकुरायला लागल्यावर माथा सोडून दरवाजापर्यंतच जायला लागलात, पण जाणं सोडलं नाहीत. संदीप रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा. तुम्ही त्याला किल्ल्यावर आज कोण भेटलं ते सांगायचात, तो हो हो करत डबा खायचा. त्याचं ते 'काय झालं?' कधी सुटलं ते त्यालाही कळलं नाही.

माझंही त्याच दिवसापासून सुरू झालं, हे मात्र तुमच्याशी बोलायचं राहून गेलं. 'जबाबदारी माझी' हे एकदा तोंडातून निघाल्यावर ते परत आत जाईना. मी जपानीचा क्लास लावला, जवळच्या कोतोमधल्या एका छोट्या प्रवास कंपनीत आधी अर्धवेळ आणि मग पूर्ण वेळ लागले. आपल्याकडच्या आई-वडिलांच्या सहली मी आखते. प्रत्येक बुकिंगला मुलांना विचारून झाल्यावर मी आईलाही वेगळं विचारते, तुम्हाला काय झेपेल. तुम्ही विचारायचात, "ऑफिस कसंय?" मी म्हणायचे, "बरंय." 'तुमच्यामुळे' हा शब्द ओठांवर येऊन राहायचा, कारण तुम्ही लगेच 'पुरे' म्हणाला असतात. आता म्हणते. तुमच्यामुळे.

आणि हो, मात्सुमोतोच्या आत मी नंतर कित्येकदा चढलेय. ते जिने इतके उभे आहेत की शत्रूला दम लागायला बाहेर डोंगर हवाच असं नाही. तुम्ही आतून न पाहताच मत दिलंत. भूगोलाच्या बाईंना हे शोभत नाही.

परवा सकाळी तुम्ही गेलात. वैद्यवहिनी सांगतात, रोजच्यासारख्या परत आलात, अंघोळ, पूजा, आणि ओसरीवर पेपर घेऊन बसलात. त्यांनी फाटकातून हाक मारली तेव्हा पेपर मांडीवर होता आणि चष्मा डोळ्यांवर. विमानात मला भीती वाटत होती की आता संदीप म्हणेल, बघ, मी सांगत होतो. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब प्रवास होता.

बाहेर आत्ता तुमचे कोणी लांबचे दीर आलेत. ते विचारताहेत, "शेवटी कुठे होत्या? हॉस्पिटलात?" संदीपचा आवाज इथवर येतोय. "नाही काका. घरीच. आपल्या स्वतःच्या घरात. त्या दिवशीसुद्धा सकाळी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चढून आली होती आई." कालपासून येईल त्याला तो हेच सांगतोय, ताठ बसून, सावकाश, एकही शब्द न गाळता. आता तर कोणी विचारलं नाही तरी सांगतो.